मंगरूचा भेव

धुरपताबाईच्या गोफणीची गोळी कधी वाया गेली, असं दवनीवाड्याच्या बाजूला कुणी पाहिलं नव्हतं. निदान ती तरी तसं सांगायची, आणि बाई तोंडाची अशी फटकळ की तिला खोटं पाडायला कुणी जात नसे. नवरा सुखराम बांधीतलं धान रोवायचा, कापायचा. पण लोंब्या भरल्यापासून धान खळ्यावर येईपर्यंत राखण धुरपतेची. माचणावर उभी राहून ती उजवा हात गरगर फिरवी, हातभर हिरव्या बांगड्या खळखळत आणि राघूंचा थवा दुसऱ्याच्या शेताची वाट धरी. दुसऱ्याच्या धानाचं दुसरा पाहील, हा तिचा न्याय.

पहिली निवडणूक झाली त्या सालच्या कार्तिकातली गोष्ट. सकाळची वेळ, सुखराम गोंदियाला गेलेला, शेतात ती एकटीच. थवा आला, तिने हाक घातली, थवा उडाला. एक राघू मात्र उडाला नाही. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रोवलेल्या बांबूवर बसला आणि मान वाकडी करून तिच्याकडे पाहू लागला. रानातला राघू माणसाकडे असा पाहत नाही. धुरपतेला ते कळलं नाही असंही नाही. हा कुणाचा तरी पाळलेला दिसतो, असं मनात आलं तेव्हा हात फिरत होता, आणि एवढं सोपं निशाण सोडायचं तिच्या जिवावर आलं. तिने गोळी सोडली.

पाखरू उचललं तेव्हा त्याचा पंख लोंबत होता. बांगड्या त्याच्या कानाशी वाजल्या तसं ते थरथरलं, आणि चोच उघडून म्हणालं, "कोन होय?"

धुरपतेने लगेच ओळखलं. असं विचारणारा राघू अख्ख्या गावात एकच होता, शेजारच्या जमुनाबाईचा मंगरू. जमुनाबाई विधवा, मूलबाळ नाही. मंगळवारी घरी आला म्हणून त्याचं नाव मंगरू. ओसरीवर मोकळाच असे आणि अंगणात कुणी पाऊल टाकलं की "कोन होय?" विचारी. दसऱ्याला तो थव्यामागे उडून गेला, तेव्हापासून म्हातारीने धड अन्न शिजवलं नव्हतं.

मान मुरगाळून बोडीच्या पाण्यात टाकून द्यावं, हाही विचार धुरपतेच्या मनात येऊन गेला. तो विचार आपल्याला आला, याची लाज तिला पुढे जन्मभर वाटली. मंगरूला पदरात घेऊन ती जमुनाबाईकडे गेली आणि म्हणाली, "मावशी, घारीनं टाकला असंन. धुऱ्यावर सापडला."

म्हातारीने तिच्या तोंडावरून हात फिरवला. ट्रंकेतला, स्वतःसाठी जपून ठेवलेला चोळीचा खण काढून तिच्या हातावर ठेवला. "तू माह्या घरचा जीव वापस आनली," म्हणाली. धुरपतेने नको नको म्हणून पाहिलं, पण जास्त नाही म्हणायचीही तिला भीती वाटली. खण तिने पेटीच्या तळाशी घातला.

हळदीचा लेप बसला, पंख वाकडा जुळला. मंगरू पुन्हा उडणार नव्हता, पण बोलू लागला. पोस्टमनला विचारी, गाईला विचारी, कुत्र्यालाही विचारी, "कोन होय?" फक्त धुरपतेला विचारीत नसे. तिच्या बांगड्या अंगणात वाजल्या की तो किंचाळत सुपाआड शिरे आणि ती जाईपर्यंत बाहेर येत नसे.

"सगळ्याईले सोडून तुलेच काऊन भेते हा?" जमुनाबाईला नवल वाटे. मग ती मंगरूवर चिडे. "बेइमान हाय. जिनं वाचवला तिलेच पाहून बोंबलते." शिक्षा म्हणून त्याच्यावर टोपली पालथी घाली. टोपलीखालून तो किंचाळत राही, आणि धुरपता कुंपणापलीकडे कान झाकून बसे. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

शेवटी तिने ठरवलं, याला माणसाळवायचंच. आधी खरं कारण एवढंच होतं की त्याचं तोंड बंद व्हावं. तिने बांगड्यांना चिंधी गुंडाळली, आवाज येऊ नये म्हणून. सुखरामने पाहिलं आणि तो भडकला. "बांगड्याले चिंधी कायले? मी मेलो का?"

"हात दुखून राहिला," ती म्हणाली.

ती मागच्या दाराने जायची. पहिले आठ दिवस नुसती भिंतीला टेकून बसली, त्याच्याकडे पाठ करून. मग मागे हात करून जमिनीवर हिरवी मिरची ठेवायची आणि उठून जायची. मग मिरची ठेवून बसून राहायची. ज्या बाईला चूल पेटायला उशीर झालेला खपत नसे, ती एका पाखरासाठी तासतासभर मुकी बसू लागली. माघात त्याने पहिल्यांदा तिच्यासमोर मिरची उचलली. फाल्गुनात बोटांतून घेतली. तेव्हा तिला आनंद झाला, अगदी खरा आनंद. पण ज्या हाताने पंख मोडला त्याच हातातून तो खात होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

चैत्रात एका सकाळी धुरपता मागच्या दाराने आत आली. मंगरू सुपावर बसला होता. खाली उतरला, वाकडा पंख ओढत तिच्यापर्यंत आला, चोचीने पदर धरून मांडीवर चढला आणि मान वाकडी करून म्हणाला, "कोन होय?"

जमुनाबाई तांदूळ निवडत होती. ती हसली. "आता पटली त्याले ओळख."

इतके महिने ज्यासाठी धडपड केली ते झालं होतं. आता गप्प राहिली असती तर जगाच्या अंतापर्यंत कुणाला कळलं नसतं. पण तसंच पाहत, तसंच विचारत ते पाखरू समोर होतं, आणि धुरपतेला गप्प राहता येईना.

"मीच होय," ती म्हणाली. "घार नोती, मावशी. मीच मारली. पाळलेला दिसला, तरी मारली."

जमुनाबाईचा हात तांदळात थांबला. ती उठली, मंगरूला तिच्या मांडीवरून उचललं आणि छातीशी धरलं.

"तो रोज सांगून राहिला होता मले," म्हातारी म्हणाली. "अन मी त्यालेच टोपलीखाली कोंबली." त्याच्या वाकड्या पंखावरून तिने बोट फिरवलं. "त्याचा भेव खरा होता, धुरपता. तू त्याले फसवली. यापुढं यायचं तं समोरून ये. चिंधी सोडून ये. त्याले समजू दे कोन येऊन राहिली ते."

धुरपतेने खण परत नेऊन दिला. म्हातारीने तो घेतला, ठेवून घे म्हणाली नाही.

गोफण तिने त्या दिवसापासून हातात धरली नाही. शेजारणी हसल्या, सुखराम ओरडला, पण ती पत्र्याचा डबा बडवून राखण करू लागली. आणि रोज चिंधी सोडून, समोरच्या दाराने, बांगड्या वाजवत ती जमुनाबाईच्या ओसरीवर जाऊ लागली. मंगरू किंचाळून सुपाआड गेला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ती मिरची ठेवायची, बसायची, निघून यायची. पाच वर्षं. तो सुपाबाहेर यायला लागला, किंचाळणं थांबलं, पण त्याने दोन हातांचं अंतर ठेवलं ते ठेवलंच. तिनेही ते ओलांडलं नाही.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात सुखराम तापाने गेला. बायांनी रीतीप्रमाणे तिच्या बांगड्या फोडल्या. तेरवी झाल्यावर ती जमुनाबाईकडे गेली, समोरच्याच दाराने. म्हातारीला आता फारसं दिसत नव्हतं. धुरपता रोजच्या जागी, दोन हातांवर बसली. हात मांडीवर पडले होते, उघडे.

मंगरूने कानोसा घेतला. काहीच वाजलं नाही. तो सुपावरून उतरला, दोन हातांचं अंतर त्याने चालत पार केलं आणि तिच्या मोकळ्या मनगटावर चढून बसला.

"कोन होय?"

धुरपता रडू लागली. कुंपणापलीकडे, तिच्या अंगणात तेरवीला आलेल्या बायांना वाटलं, नवऱ्यासाठी रडते. काही तसंही असेल. पण पाच वर्षं त्याला फसवायचं नाही म्हणून जपलं, तेच पुन्हा तिच्या हातून झालं होतं, आणि यावेळी तिने काही केलंही नव्हतं.

"सांग त्याले," जमुनाबाई म्हणाली.

धुरपतेने हात जमिनीला टेकवला, त्याला उतरायचं तर उतरता यावं म्हणून. "मी धुरपता होय," ती म्हणाली. "तुहा पंख मीच मोडली."

आवाज तर त्याच्या ओळखीचा होता. मंगरूने मान वाकडी करून तो ऐकला. मग त्या टेकवलेल्या हातावरून तो सावकाश उतरला, आणि दोन हातांवर जाऊन मिरचीची वाट पाहत बसला.