अक्काचं ओवाळणं

सून लेकरू घेऊन माहेरहून आली की आमच्या संतपुरात तिला दारातच ओवाळतात. सगळ्या बाया गोल ओवाळतात. शेजारची अक्का मात्र निरांजन नुसतं उजवीकडं नेते, मग डावीकडं, आणि लेकराच्या डोळ्यांवरून आपली नजर हटवत नाही. गल्लीत कुणाला गोवर झाला तरी बरं झाल्यावर निरांजन घेऊन हजर.

"गोवरानंबी डोळ्यात फूल पडतंय," म्हणते.

तिचा थोरला जन्मापासून आंधळा आहे.

माझ्या नातीला ओवाळताना ज्योत उजवीकडं गेली, नातीची नजर गेलीच नाही. अक्कानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, मायलेकींना आत घेतलं आणि मग सुनेजवळ बसली.

"बाई, बुबुळात पांढरं दिसायलंय. मोतीबिंदू लेकरालाबी असतंय. रडू नको, उद्याच दाखव. आमचं लई उशिरा कळलं."

ऑपरेशन होऊन, जाड चष्मा लावून नात घरी आली, तेव्हा अक्का ताट घेऊन दारात उभीच होती. निरांजन उजवीकडं गेलं, नातीची नजर मागोमाग गेली. डावीकडं आलं, नजरही आली.

मग अक्कानं गोल ओवाळलं. तिला तसं ओवाळताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.