कावेची खूण

ओवा आणि वावडिंग निखाऱ्यावर पडले की आधी तडतड होते, मग उग्र, कडवट धूर उठतो. फलटणच्या पूर्वेला, माळावरच्या आमच्या मेंढपाळाच्या घरात आई रोज बाळाला न्हाऊ घातल्यावर ती धुरी देत असे. बाळ माझ्या धाकट्या बहिणीचे. त्याचा खोकला हटत नव्हता. तोंडात पांढरा थर, अंगात ताप, आणि औषध थांबले की सारे पुन्हा. हातावर ते दिवसेंदिवस हलके लागू लागले, तेव्हा आम्ही त्याला मिरजेच्या एका रुग्णालयात नेले.

रक्ताचा अहवाल आला त्या दिवशी बहीण बाळापाशी होती. डॉक्टरबाईंनी मला आणि आईला समोर बसवले.

"पांढऱ्या पेशी आहेत. पण जंतू आला हे एकमेकींना दाखवायला पेशींच्या अंगावर एक खूण उमटावी लागते. छातीच्या हाडामागच्या ग्रंथीत कोवळ्या पेशी तीच खूण पाहून घडतात. त्या खुणेची जनुकं धड आहेत. त्यांना जागं करणारं जनुक मात्र बिघडलंय."

आई माझ्याकडे वळली. "काय म्हंत्यात गं?"

"मेंढरं रंगवायची तांबडी काव कालवून ठेवलीय, आई. पण खूण करणारा हातच आला न्हाई. कळपात आपलं कुठलं, परकं कुठलं, कुणाला कळंना."

"मग लावा की तुमी!" आई डॉक्टरबाईंना म्हणाली. "आवं, एवढं शिकलाय कशाला?"

बाई किंचित हसल्या. बाळाला देण्यासाठी दुसऱ्या कुणाची जुळणारी अस्थिमज्जा मिळाली आणि तोवर संसर्ग थोपवता आला, तर मूल वाचेल, असे त्यांनी सांगितले. मग विचारले, "बाळाचे आईवडील नात्यातले आहेत?"

"व्हय तर!" आई खुलली. "माज्या सख्ख्या भावाचा पोरगा जावई. म्याच जमवलं. लेक परक्याच्या दारात कशाला द्यायची? रुसली तरी मामाच्याच घरात रुसंल."

बाई क्षणभर टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या. नंतर फार हळू म्हणाल्या, "तोच बिघाड दोघांकडून आलाय. एकाकडूनच आला असता तर बाळ आजारी पडलं नसतं. जवळच्या नात्यात दोघांकडे तो असण्याची शक्यता वाढते."

या वेळी आईने मला अर्थ विचारला नाही.

मज्जा जुळते का हे पाहायला घरातल्यांनी रक्त दिले. उत्तर येण्याआधी न्यूमोनिया आला. काचेपलीकडे बाळाच्या कातडीखाली बरगड्या भराभर वरखाली होत होत्या. एका दुपारी त्या थांबल्या.

परतीच्या गाडीत बहिणीच्या पदराला दुधाचा ओला, गोडसर वास येत होता. पान्ह्याला अजून काही कळलेले नव्हते. रडून रडून ती माझ्या खांद्यावर झोपली. आई पलीकडे बसली होती, ताठ, डोळे कोरडे. कऱ्हाड मागे पडले तरी तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. लेक गाढ झोपली आहे, हे तिने दोनदा वाकून पाहिले. मग माझा हात घट्ट धरून विचारले,

"माज्यामुळं?"