रांझीतलं नववं दार

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. ज्याने हे म्हटलं त्याला लढाईच्या वर्षात जबलपूरला आणून, रांझीत भाड्याची खोली शोधायला लावायला हवं होतं. बांधायची गोष्ट तो विसरून गेला असता.

आमचं लग्न वैशाखात वर्ध्याला झालं. नवरा जबलपूरच्या लष्करी फॅक्टरीत फिटर. आठ दिवसांत हे कामावर परत गेले आणि मी सासरी राहिले. त्या वर्षी फॅक्टरीत नवी भरती इतकी झाली होती, की फॅक्टरीला लागून असलेल्या रांझीत कालपर्यंत ज्याच्या गोठ्यात म्हैस होती, त्यानं म्हैस विकून माणसं ठेवली होती. क्वार्टर मिळायला नोकरीची दहा-बारा वर्षं लागायची. भाड्याच्या खोलीसाठी गेलं की मालक विचारायचे, "फॅमिली है? छड़े को नहीं देंगे." आणि इकडे माझे सासरे म्हणायचे, "आधी खोली पाय, मंग सून पाठवतो." बायकोशिवाय खोली नाही आणि खोलीशिवाय बायको नाही. त्यामुळे हे तिकडे दोन खाटांवर तीन छड्यांमध्ये, म्हणजे सड्याफटिंग गड्यांमध्ये, झोपत होते आणि मी इकडे पोस्टमनची वाट पाहत होते.

गणपतीच्या सुमारास पत्र आलं. 'खोली पक्की झाली. दारात कडुनिंब आहे. सूनबाईला पाठवून द्या.' मी त्या कडुनिंबाला मनातल्या मनात चार वेळा पाणी घातलं. दोन लुगडी, स्टोव्ह, पोळपाट-लाटणं आणि देवाची डबी घेऊन मी जबलपूरला उतरले. स्टेशनवरून हे मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून थेट खोलीवर घेऊन गेले. मालकीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग यांना बाजूला बोलावून काहीतरी सांगितलं. हे परत आले ते मान खाली घालून. "खोली गेली," म्हणाले. "काल रात्रीच दुसऱ्याले दिली म्हणते."

कडुनिंब मात्र तिथे होता, मी पाहिला.

माझी सोय जबलपुरातच गोहलपूरला यांच्या एका लांबच्या मावशीकडे झाली. दोन खोल्या, आठ माणसं आणि खालच्या मजल्यावर दिवसभर पत्रा ठोकणारा कारखाना. मावशी जीव लावणारी होती, पण तिची मुलगी दिवाळीनंतर बाळंतपणाला यायची होती. सासऱ्यांना बातमी लागली आणि त्यांचं पोस्टकार्ड आलं. 'भाऊबीजेपर्यंत खोली झाली तर ठीक. नाही तर मी येतो आणि सूनबाईला घेऊन जातो. पुढचं पुढे पाहू.' सासरे एकवचनी माणूस. ते घेऊन गेले असते, तर 'पुढचं पुढे' म्हणजे किती वर्षं, हे आमच्या गल्लीतल्या दोन सुनांकडे पाहून मला ठाऊक होतं. त्यांचे नवरेही बाहेरगावी 'खोली पाहत' होते. एकीचा मुलगा शाळेत जायला लागला होता.

मग आमची पायपीट सुरू झाली. यांना सुट्टी असेल किंवा रात्रपाळी संपवून हे येतील, तेव्हा सायकलवर डबलसीट. सिव्हिल लाइन्समध्ये एका बंगल्यामागची खोली फुकट मिळत होती, पण अट अशी, की बाईने बंगल्यातली धुणीभांडी करावी. मी म्हटलं, करते. यांनी सायकल अशी जोरात वळवली, की मी पडता पडता वाचले. एका ठिकाणी खोलीला तीनच भिंती होत्या. चौथी 'दिवाली के बाद' होणार होती. एकीकडे सगळं छान जमलं, तर मालकीणबाईंनी मला विचारलं, "घरवाले का नाम क्या है?" आता नवऱ्याचं नाव असंच कसं घ्यायचं? मी पदर सावरला आणि मराठमोळ्या मुलीसारखा झकास उखाणा घेतला, 'चांदीच्या वाटीत खडीसाखरेचा खडा, अमुकरावांचं नाव घेते, खोलीचं दार उघडा.' बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, माझा आवाज वाईट लागला.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, आम्ही आठपर्यंत पोचलो होतो. दर वेळी तेच. हे एकटे जाऊन आले की खोली पक्की, मला घेऊन गेले की खोली गेलेली.

नववं दार वसुबारसेच्या दिवशी उघडलं. रांझीच्या टोकाला एक अंगण, अंगणाच्या एका बाजूला मालकांचं घर आणि दुसऱ्या बाजूला गोठ्याची झालेली खोली. म्हैस नुकतीच गेली असावी, कारण भिंतीत तिला बांधायची लोखंडी कडी तशीच होती आणि वासही पूर्ण गेला नव्हता. एक खिडकी, तिच्या काचेला ब्लॅकआउटचा काळा कागद चिकटवलेला. मला ती खोली बघताक्षणी आवडली. कडीला कंदील टांगायचा, खिडकीखाली स्टोव्ह, कोपऱ्यात देव. मी मनातल्या मनात राहायलाही लागले.

मालकीण पन्नाशीची होती. सगळे तिला अम्मा म्हणत. कपाळापासून टाळूपर्यंत भांगात सिंदूर भरलेला आणि डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. तिनेही मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण बाकीच्यांसारखी ती यांच्या कानाशी लागली नाही. सरळ मलाच म्हणाली, "बेटी, सच बता. भागकर आई हो क्या?"

मी यांच्याकडे पाहिलं.

"मांग सूनी, सिर खुला, मर्द के पीछे साइकिल पर बैठकर आती हो. हमारा भी मोहल्ला है, बेटी. लोग क्या कहेंगे?"

आठही दारं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. आमच्याकडे कपाळावर कुंकू, गळ्यात काळी पोत आणि हातात हिरव्या बांगड्या असल्या की बाई सवाष्ण. भांगात सिंदूर भरायची पद्धत आमच्यात नाही, आणि डोक्यावर पदर घ्यायचा तो सासऱ्यांसमोर. इथे सगळा हिशेब भांगावर होता. आणि जिथे बायका नवऱ्याचं नाव ओठांवर आणत नाहीत, तिथे मी ते यमकात मोठ्याने म्हणून दाखवणारी बाई!

हे मवाळ हसून मला म्हणाले, "लावून टाक ना बा सिंदूर. काय फरक पडते?"

झालं. मी आजवर यांच्याशी भांडले नव्हते. लग्नानंतर आठ दिवस काय ते सोबत, भांडायला वेळ कुठे होता? पण त्या दिवशी अंगणात उभी राहून मी जी सुरू झाले ती झाले.

"काहून लावू? हे एवढं रुपयाएवढं कुंकू दिसून नाही राहिलं का कोणाले? माझ्या आईनं लावलं ते कुंकू नाही का? आणि तुम्ही पत्रात काय लिहिलं होतं? खोली पक्की! दारात कडुनिंब!"

"खोटं नव्हतं लिहिलं मी! पक्कीच होती. त्या बाईनं तुले पाहून नाही म्हटलं."

"म्हंजे तुम्हाले पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"भांगाचं नव्हतं माहीत. मले वाटलं, तुले पाहून काहून नाही म्हणते बा..."

"माझ्यात काय खोट आहे का?"

"मी कुठे म्हटलं खोट आहे!"

"मंग बोलले काहून नाही? दीड महिना मले सायकलवर हिंडवून राहिले!"

"बोललो असतो तर तू रडली असती!"

"मी काय रडते का?" असं म्हणता म्हणता मला जोरात रडू फुटलं. आणि रडण्याच्या भरात, आजपर्यंत जे मी स्वतःशीसुद्धा नीट म्हटलं नव्हतं, ते सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलून गेले. "मी नाही जात वर्ध्याले. मामंजी आले तरी नाही जात. मले तुमच्यापाशी राहायचं आहे. गोठ्यात राहीन, तीन भिंतीत राहीन, पण नाही जात!"

यांचे कान लाल झाले. खिशातून रुमाल काढला, तो मशीनच्या तेलाने काळा. तोच मला दिला, आणि मी त्यावरूनही बोलले.

अम्माला मराठीचं अक्षर येत नव्हतं. ती ओट्यावर बसून, हनुवटीला हात लावून, एकदा माझ्याकडे आणि एकदा यांच्याकडे पाहत होती. मग कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातावर ठेवली.

"रख ले. भागे हुए ऐसे नहीं लड़ते. ऐसे तो ब्याहे हुए ही लड़ते हैं."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सासरे आले ते मला न्यायला नाही, खोली पाहायला. कडीला हात लावून म्हणाले, "मजबूत आहे." मी डोक्यावर पदर घेऊन वाकले, तेव्हा अंगणातून अम्मा समाधानाने मान हलवत होती.

आम्ही त्या खोलीत अकरा वर्षं राहिलो. दोन्ही मुलं तिथेच झाली. पहिल्या आठवड्यातच अम्माने सिंदुराची एक लाकडी डबी आणून दिली होती. "लगाना मत, बस रख ले," म्हणाली. मी ती देवापाशी ठेवली आणि सिंदूर खरंच कधी लावला नाही, तीही पुन्हा बोलली नाही. मात्र आमच्याकडे दोन-तीन दिवस शांतता असली की ती दारातून डोकावून विचारायची, "काहे, सब ठीक तो है ना?"

मग यांना क्वार्टर मिळालं. पक्कं, दोन खोल्यांचं, घरात नळ असलेलं. ज्यासाठी सगळी रांझी देव पाण्यात घालून बसायची, ते आम्हाला मिळालं आणि माझा पाय काही निघेना. सामान हातगाडीवर चढलं. अम्मा दारात उभी होती, डोळ्यांना पदर लावून. मी परत आत गेले, हाती न्यायला ठेवलेल्या देवाच्या पेटीतून सिंदुराची डबी काढली, उघडून तिच्यापुढे धरली आणि मान वाकवली. "लगा दो, अम्मा."

तिने चिमूट भरून माझ्या भांगात लावली. निम्मा सिंदूर माझ्या नाकावर सांडला.

मी गाडीपाशी आले तर हे म्हणतात कसे, "तेव्हाच लावला असता तर दीड महिना सायकल हाणावी लागली नसती."

"तेव्हाच सांगितलं असतं तर!" मी म्हटलं. तिथून जे सुरू झालं ते सुरू झालं. मुलं हसत होती, गाडीवाला वळून वळून पाहत होता. रस्त्याचं वळण येईपर्यंत आम्ही भांडतच होतो. मी मागे वळून पाहिलं. अम्माने डोळ्यांचा पदर काढला होता आणि दारात उभी राहून ती ऐकत होती.