परळचा सोमवार

सुलभाताई गेल्याची बातमी मला लालबागमध्ये कळली, पण आली ढाक्याहून. तिथली डॉक्टर नसरीन, ताईंची जुनी सहकारी, दर आठवड्याला त्यांना फोन करायची, त्या दिवशी तो ताईंच्या भाचीने उचलला. मग नसरीनने मला फोन लावला आणि नुसती रडत राहिली... ताईंचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, आणि बातमी आली ती परदेशातून. हे ऐकून ताई नक्की म्हणाल्या असत्या, "बघ मेल्या, झाली की नाय आपली संस्था आंतरराष्ट्रीय?" दीडेक महिना झाला, अजून हात सवयीने त्यांचा नंबर शोधतो.

परळच्या आमच्या सरकारी संशोधन संस्थेत ताई कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसांच्या आजारावर काम करायच्या. मी त्यांच्या हाताखाली तंत्रज्ञ. कामगाराने नळीत जोर लावून फुंकायचं, श्वासात किती दम उरलाय ते यंत्रावर बघायचं. हा आजार मोठा लबाड. सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी होते आणि कामावर परतलं की त्याच दिवशी आवळते, पुढे हळूहळू सैल पडते. म्हणून तपासणी करायची ती त्या पहिल्याच दिवशी. ताईंना हे पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. त्यांचे वडील गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. रविवारी ते पोरांबरोबर पत्ते खेळायचे आणि सोमवारी संध्याकाळी खोलीच्या दारात धापा टाकत बसायचे. घरात त्याला 'बाबांचा सोमवार' म्हणत. त्या दिवशी आई कालवणात तिखटसुद्धा बेताने घालायची.

गिरण्या गेल्या, त्या जागी काचेचे टॉवर आले, आणि वरून विचारणा झाली की गिरण्याच नाहीत तर हा विभाग कशाला पोसायचा? संचालक साहेबांना संस्था आंतरराष्ट्रीय करायची होतीच, पण त्यांच्या मते त्याचा अर्थ युरोपातल्या एखाद्या विद्यापीठाशी करार, हस्तांदोलनाचा फोटो आणि सभागृहाबाहेर दोन झेंडे. ताई भर बैठकीत म्हणाल्या, "साहेब, गिरण्या संपल्या नाहीत, गाव बदललंय त्यांनी. आज जिथे कापूस पिंजला जातो तिथल्या माणसांना बोलवू या." साहेबांनी एक संधी दिली. ढाका आणि इथिओपियाबरोबर काम जमलं तर ठीक, नाहीतर विभागाला कुलूप. तशी नसरीन आमच्याकडे आली, काही महिने राहिली. ताई तिला घरी नेऊन बांगडा खाऊ घालायच्या आणि दोघी मासा कुणाचा चांगला यावर तावातावाने भांडायच्या.

नसरीन परत गेली, आम्ही लिहून दिलेल्या पद्धतीबरहुकूम तिकडच्या कामगारांची तपासणी केली आणि निकाल धाडले. जवळजवळ सगळ्यांच्या छात्या ठणठणीत. साहेब म्हणाले, "आजारच नाही म्हणजे प्रश्नच मिटला." ताई दोन दिवस निकालांचे कागद उलटसुलट करत बसल्या. मग एकदम फोन उचलून विचारलं, "नसरीन, तुमच्या गिरण्यांना सुट्टी कधी असते गं?"

"शुक्रवारी, ताई."

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. शुक्रवारी सुट्टी म्हणजे शनिवारी काम सुरू. आणि आम्ही पद्धतीत चक्क 'सोमवारी पाळी संपल्यावर' असं लिहिलं होतं. तोवर छाती सैल पडलेली. विभागातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नाही, सोमवार आमच्या अंगातच मुरलेला. नसरीनला मात्र शंका आली होती. पण परळच्या एवढ्या मोठ्या मॅडमनी लिहिलंय, त्याला काहीतरी कारण असेल, म्हणून बिचारी गप्प बसली. ताईंना खरं लागलं ते हे.

मी म्हटलं, "ताई, गुपचूप दुरुस्त करून पाठवू या. विभागाचा जीव टांगणीला लागलाय."

"गुपचूप केलं तर ती पुढच्या वेळीही गप्प बसेल," ताई म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत साहेब समोर, ढाका आणि इथिओपिया पडद्यावर. ताई उभ्या राहिल्या. "चूक ढाक्याची नाही, परळची आहे. माझ्या बापाचा सोमवार मी तुमच्या गळ्यात बांधला. आता पद्धत नसरीन लिहील आणि आम्ही तिच्या हाताखाली काम करू." साहेबांचा चेहरा असा पडला की बघवेना. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, नाक कापलंत संस्थेचं." पण नसरीनने शनिवारी तपासण्या केल्या आणि आजार ढळढळीत समोर आला. विभाग वाचला. त्यानंतर इथिओपियावालेही आमच्या ओळीओळीवर हरकती घ्यायला लागले. मी वैतागायचो, ताई खूश. म्हणायच्या, "भांडतायत ना, मग आता आपले झाले."

एवढ्या मोठ्या मनाची बाई मी दुसरी पाहिली नाही.

शोकसभा ठरवायची होती तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. मी सोमवार सुचवला, त्या दिवशी सभागृह रिकामं होतं. साहेबांनी डायरीत सोमवार लिहिला आणि लगेच खोडला. मग म्हणाले, "आधी नसरीनला विचारा, त्यांना कधी जमतं."

सभा शुक्रवारी झाली, तिकडे ढाक्यात नमाज आटोपून नसरीन पडद्यावर आल्यावर. परळात तो ऐन कामाचा दिवस. सगळे हातातलं काम टाकून आले.