बिनबियांचं सीताफळ

बीडहून निघालेल्या एसटीत ती माझ्या शेजारी होती. तिशीची असेल, हातावर कोयत्याचे वण. सीताफळ खाताना प्रत्येक बी जिभेनं सोडवून पदराच्या टोकात ठेवत होती. तिनं माझं काम विचारल्यावर मी उत्साहानं सांगितलं, "आम्ही प्रयोगशाळेत सीताफळाचे कोंब औषधात बुडवतो. बरेच मरतात. जगलेल्यांची गुणसूत्रं दुप्पट होतात. पुढे त्यांचा साध्या झाडाशी संकर केला की बिनबियांचं फळ. खाणाऱ्याला त्रास नाही."

तिचा हात थांबला.

"मला अजून एक लेकरू पायजे हुतं. पर माजी पिशवी काढली. डाक्टरबी हेच म्हनला, ऊसतोडीत तरास न्हाई."

उतरताना तिनं पदराची गाठ सोडली आणि सगळ्या बिया माझ्या ओंजळीत ओतल्या.

"ह्या नका बुडवू, ताई."