कार्डावर न लिहिलेलं

आमचे साहेब खुर्चीत बसायचे नाहीत. माधव नगरातल्या त्यांच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी बारा वर्षं काउंटर सांभाळलं, पण त्यांच्या खुर्चीवर कायम धूळच. मूल आलं की बूट काढून सतरंजीवर बैठक, आणि ठरलेलं वाक्य, "घाई कुणाला आहे?" घाई सगळ्यांनाच असायची हो! बाहेर आया खोळंबलेल्या, कुणाची रिक्षा उभी, आणि आत हे साठीचे गृहस्थ सुटलेलं पोट सांभाळत पोरांबरोबर रांगताहेत. मी चिडायची. "साहेब, पाच पेशंट बसलेत बाहेर." "मग तूही ये आत. मिळून रांगू."

हट्ट एकच, कार्ड. आई काउंटरवर जे बोलेल ते सगळं तिच्या मुलाच्या कार्डावर उतरवायचं. "डॉक्टरसमोर आया गप्प होतात. खरं काय ते तुझ्याजवळ बोलतात. शिंक आली म्हणाल्या तरी लिही." मी लिहायची. येताना मांजर आडवं गेलं असं एक बाई म्हणाली, तर तेही लिहिलं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि पोट धरून हसले.

आता पुढचं ऐका, आणि मग माझ्याबद्दल तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या.

पावणेदोन वर्षांची एक मुलगी आली. तिला छकुली म्हणते. चांगली दुडुदुडु चालणारी पोर तापानंतर एकाएकी पडायला लागली, हात थरथरायला लागले. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, तापानंतरचा अशक्तपणा. साहेबांनी चालण्याचे व्यायाम सुरू केले. आत गेली की ती आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडायची, चेहरा काही दाखवायची नाही. दुसऱ्याच खेपेला तिची आई काउंटरवर वाकून मला म्हणाली, "ताई, मधूनमधून हिचे डोळे नाचतात. वरखाली, आडवे, कसेही."

मी म्हटलं, "नजर लागली असेल. मीठ-मोहऱ्या उतरवून टाका."

आणि कार्डावर लिहिलं नाही. का नाही लिहिलं? फोन वाजला असेल, देव जाणे. उपाय मीच सांगून टाकला होता, मग लिहायचं काय राहिलं!

तीन आठवडे गेले. एक दिवस पोर रडून रडून आईच्या मांडीवर झोपली. साहेब खाली सतरंजीवरच होते, तिच्या चेहऱ्याजवळ. मी कार्डं द्यायला आत गेले तर हा माणूस पांढराफटक पडलेला. छकुलीच्या मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं सैरावैरा धावत होती. अहो, झोपेत! माझ्या हातातली कार्डं खाली पडली.

"असं आधी कधी झालं होतं?" साहेबांनी विचारलं. आई माझ्याकडे बघायला लागली. मी वाकून कार्डं गोळा करत राहिले.

"आत्ताच्या आत्ता इंदूरला निघा. पोटाची तपासणी करायची."

"पोटाची?" ती म्हणाली. "नाचतात तर डोळे ना?"

मलाही वाटलं, साहेबांचं डोकं फिरलं. पण इंदूरला पोटात गाठ निघाली. मज्जातंतूंच्या पेशींची. कॅन्सर! दुधाचे दात पुरते आलेले नाहीत त्या पोरीला कॅन्सर!

ऑपरेशन करून गाठ काढली. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! महिन्यानं आली तर थरथर तशीच. साहेबांनी आईला समजावलं, "तिचं शरीर गाठीशी लढायला उठलं, आणि चुकून मेंदूवरही हल्ला करत सुटलं. गाठ गेली तरी ती लढाई लगेच थांबत नाही." ती थांबवायला स्टिरॉइड, वर शिरेतून दिवसदिवस चालणारी औषधं. पोरीचं तोंड सुजलं. झोपायची नाही, हाताला येईल ते फेकायची. एकदा साहेबांच्या मनगटाला कडकडून चावली, तर म्हणाले, "दात मजबूत आहेत, बढिया!" दर मंगळवारी, चार वर्षं हे चाललं. जरा ताप आला की पुन्हा पडायला लागायची, आणि हे दोघं पुन्हा पहिल्यापासून रांगायला लागायचे.

आणि ते तीन आठवडे? पोरीचे वडील एकदा भडकून आले. "तीन हफ्ते आप कर क्या रहे थे?" साहेब म्हणाले, "चूक माझी आहे. डोळे मी बघायला हवे होते." मी समोरच उभी होते. ते गेल्यावर म्हटलं, "साहेब, मला काही सांगायचं होतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, वाट बघितली. आणि मी म्हटलं, "उद्या सुट्टी हवी होती." मिळाली सुट्टी.

यंदा फाल्गुनात साहेब गेले. टावर चौकात दूध घ्यायला गेले होते, तिथेच कोसळले.

तेराव्याला छकुलीचे आईवडील आले. पोर आता चालते, शाळेत जाते, पण हात अजून हलतो, अक्षर ओळ सोडून पळतं. लवकर कळलं असतं तर हात थांबला असता का? मी इंदूरच्या डॉक्टरांना विचारलंय. ते म्हणतात, सांगता येत नाही. तिचे वडील लोकांना सांगत होते, "साहेबांनी स्वतःची चूक तोंडावर कबूल केली. असा माणूस पुन्हा होणार नाही."

मला ऐकवेना. मी तिच्या आईला हाताला धरून मागच्या ओसरीवर नेलं. "ती चूक त्यांची नव्हती. डोळ्यांचं तुम्ही मला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी विसरेन का? ह्यांना अजून बोलले नाहीये, पण साहेबांना त्याच दिवशी इंदूरच्या वाटेवरून फोन करून सांगितलं होतं."

मी तिथेच खाली बसले.

"राग आहे मला तुमचा," ती म्हणाली. "अजून आहे. पण इंदूरहून परत आल्यावर साहेबांनी माझ्यापुढे हात जोडले होते. म्हणाले, तिला काही विचारू नका, ती आपणहून सांगेल. दर मंगळवारी मला हळूच विचारायचे, 'बोलली का ती?' शेवटच्या मंगळवारीसुद्धा विचारलं."