हिरोचा मित्र

टॉकीजला कुठल्याच गोष्टीतला हिरो आवडत नसे. त्याला हिरोचा मित्र आवडायचा. "हिरोचं काय बघायचं? तो जगणारच आहे. मित्राचं बघ. त्याला कोण विचारतो का, जेवलास का रे बाबा?" हे तो इतकं कळवळून म्हणायचा, की तो मित्र त्याच्या नात्यातला असावा असं वाटे. त्याच्या वयाची पोरं भिंतीवर नट आणि क्रिकेटपटू चिकटवायची. याच्या भिंतीवर मैदानात पाण्याच्या बाटल्या घेऊन धावणारा बारावा खेळाडू होता, शर्यतीत दुसरा आलेला एक धावपटू होता, आणि सिनेमाच्या जाहिरातीतून कापलेला, हिरोच्या खांद्यामागून अर्धाच दिसणारा कुणी एक माणूस होता. "हा कोण?" मी विचारलं, तर म्हणाला, "तेच तर. कोणाला पडलीय?"

खरं नाव सुधाकर. अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराच्या रस्त्यावर आमची इमारत होती, आणि तो बरोबर आमच्या डोक्यावर, थोरल्या भावाकडे राहायचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आयटीआयला जाणारा. वाचलेलं, पाहिलेलं असं रंगवून सांगायचा की त्याला सगळी बिल्डिंग टॉकीज म्हणायची. दिसायला म्हणाल, तर माझ्यापेक्षा बरा नव्हता. ही खात्री मी आरशात बघून करून घेतली होती.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. टीव्ही आमचा होता. लाकडी शटरचा, काळा-पांढरा, वर आईने विणलेला रुमाल घातलेला. बुधवारी संध्याकाळची मालिका बघायला अर्धी इमारत आमच्या खोलीत दाटीवाटीने बसायची. पण मान कुणाचा, तर टॉकीजचा. चित्रात मुंग्या आल्या की गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा तो. "आलं का?" "गेलं!" "आता?" "आलं, आलं, हात काढू नको!" परत आला की आई त्याला चहा द्यायची, तोही नव्या सेटमधल्या दांडीच्या कपात. मला स्टीलचा पेला. मी तिला एकदा विचारलं तर म्हणाली, "तो पाहुणा आहे." रोज येणारा पाहुणा मी तेवढा एकच पाहिला.

पण कपाचं जाऊ द्या. माझा खरा जळफळाट अण्णांवरून होता. माझे वडील कारखान्यात फिटर होते आणि साहेबांनी त्यांना कायमची दुसरी पाळी लावली होती. सकाळी मी कॉलेजला निघायचो तेव्हा ते झोपलेले असत, मी परत येईपर्यंत ते डबा घेऊन गेलेले असत. एका घरात राहून आमची गाठ पडायची ती रविवारी. रविवार सकाळ माझी होती. ती टॉकीजने घेतली.

अण्णा रविवारी गॅलरीत आरसा टांगून दाढी करायचे. पाळीमुळे बुधवारची मालिका त्यांना कधीच दिसायची नाही. टीव्ही आणला त्यांनी आणि बघायचे सगळे दुसरेच. टॉकीज वरून उतरून कठड्याला टेकायचा. "काका, झालं काय या वेळेस..." असं म्हणून तो सुरू झाला की अण्णांचा हात साबणाच्या फेसातच थांबायचा. मोजकं बोलणारे माझे वडील फेसाळ तोंडाने खो खो हसायचे. माझ्या कुठल्याही बोलण्यावर ते तसे हसल्याचं मला आठवत नाही.

एकदा मी ठरवलं, आज आपण सांगायचं. टॉकीज उतरायच्या आत मी गॅलरीत गेलो आणि सुरुवात केली. नायक घरी आला, काका रागावले, कोर्टाची तारीख पडली, नायक निघून गेला. काही म्हणजे काही सोडलं नाही. अण्णांची दाढी तेवढ्यात पूर्ण झाली. "बरं," ते म्हणाले, आणि तोंड धुवायला गेले. मागोमाग टॉकीज आला, तर हे टॉवेल खांद्यावर टाकून परत गॅलरीत. "काय रे, झालं काय बुधवारी?" आता मी काय सांगितलं होतं?

बरं, हा सांगायचा ते खरं असावं की नाही? एका रविवारी म्हणाला, हिरोचा मित्र जेवताना ताटातल्या मिरच्या वेचून कडेने रांगेत लावत होता. मी तो भाग डोळे फाडून पाहिला होता. त्यात कुणी जेवलंच नव्हतं. पण अण्णा इतके हसले की वस्तऱ्याने गाल कापला. तेव्हापासून मी रविवारी घरात बसून रेडिओ मोठा लावू लागलो. आई म्हणायची, "बारीक कर, त्यांना ऐकू येत नाही." त्यासाठीच तर लावला होता.

ही खोड त्याला पुस्तकांनी लावली. उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी रद्दीवाल्याकडे तो मला घेऊन जायचा. तिथे शेवटची पानं फाटलेल्या रहस्यकथा वेगळ्या काढून ठेवलेल्या असत. "देख साईं, आखिरी पन्ना नहीं है, बाद में मेरे को मत बोलना," दुकानदार दर वेळी बजावायचा. टॉकीज खुशीत त्याच उचलायचा. "शेवट काय, आपण घरीपण करू शकतो," तो म्हणायचा. परतीच्या वाटेवर तो खुनी कोण ते ठरवायचा, आणि मी मुकाट्याने ऐकायचो, कारण ऐकल्याशिवाय राहवायचं नाही. त्याचा राग यायचा तो याचाही.

मग एका बुधवारी ऐन मालिकेच्या वेळी अख्ख्या अंबरनाथची वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात सगळे हळहळत घरी गेले. मी मात्र खूश होतो. येत्या रविवारी टॉकीजकडे सांगायला काही नव्हतं. आणि रविवारी पाहतो तर हा कठड्याला टेकून, "काका, झालं काय या वेळेस..." मी रेडिओसुद्धा लावायचा विसरलो. त्याने बेधडक सबंध भाग सांगितला. अण्णा हसले, मध्ये एकदा गप्पही झाले.

मी तडक सायकल काढली आणि बदलापूरला, शिरगावात आत्याकडे गेलो. तिच्याकडे बुधवारी वीज होती. भाचा एवढ्या उन्हात आपल्याला भेटायला आला म्हणून तिने डोळ्यांतून पाणी काढलं आणि थालीपीठ लावलं. थालीपीठ खाता खाता मी तिच्याकडून खरा भाग काढून घेतला. टॉकीजच्या भागाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. येताना सायकलला नुसते पंख फुटले होते.

"अण्णा, टॉकीजने तुम्हाला फसवलं," मी दारातूनच सांगितलं. "बुधवारी लाईट नव्हती. त्याने सगळं मनाचं सांगितलं."

अण्णा चपलेला खिळा मारत होते. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "पहिल्या पाळीतल्या कल्याणच्या माणसांनी गुरुवारीच सांगितला मला भाग. दर गुरुवारी सांगतात."

"मग त्याचं कशाला ऐकता?"

त्यांनी हातोडी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, आणि परत उचलली. "तुला नाही कळायचं," ते म्हणाले.

त्या दिवशी मला टॉकीजचा जितका हेवा वाटला तितका पुढे आयुष्यात कुणाचाच वाटला नाही, माझ्या ऑफिसातल्या साहेबाच्या बढतीचाही नाही. खोटं सांगूनही जो ऐकावासा वाटतो, त्याच्यापुढे खरं बोलणाऱ्याने करायचं तरी काय?

आयटीआय संपल्यावर त्याला वापीच्या पुढे कुठल्याशा कंपनीत नोकरी लागली. निघताना ट्रंक जिन्यात ठेवून तो आमच्याकडे आला, आईच्या पाया पडला, दांडीच्या कपात शेवटचा चहा प्याला. मला एक रहस्यकथा दिली. "नंदू, ही सगळ्यात भारी आहे. हिचा शेवट मी केलेला नाही, तुझ्यासाठी ठेवलाय." मी ती माळ्यावर टाकली. त्यानंतर त्याची दोन पत्रं अण्णांना आली, मग भावानेही खोली सोडली, आणि तो कुठे आहे हे सांगणारं कुणी उरलं नाही. रविवार सकाळ माझी झाली. अण्णा मुकाट्याने दाढी करायचे, मी शेजारी पेपर वाचायचो.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाला, अण्णा रिटायर झाल्यावर, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तोवर घरात रंगीत टीव्ही होता, केबल होती, बघायला वेळच वेळ होता, आणि डॉक्टरांनी टीव्ही बंद करायला सांगितलेला. डोळ्यावर पट्टी बांधून ते खाटेवर नुसते बसून असत. तेव्हा मी माळ्यावरचं ते पुस्तक काढलं आणि त्यांना वाचून दाखवू लागलो.

थोडं ऐकून ते म्हणाले, "यात तो मित्र नाही का?"

"कुठला मित्र?"

"टॉकीजच्या गोष्टीत असायचा तो. ताटातल्या मिरच्या रांगेत लावणारा. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोट दुखतं म्हणून निजणारा. आईवर चिडला की मोरीचं दार लावून गाणी म्हणणारा." अण्णा पट्टीखाली हसत होते. "तुझं पोट दुखायचं ते तुझी आई मला कधी सांगायची नाही, मी उगीच काळजी करीन म्हणून. आठवडाभर तू मला दिसायचास तो झोपलेला. मला सगळं त्याच्याकडून कळायचं."

मी समोरच्या माझ्या ताटाकडे पाहिलं. सकाळच्या पोह्यांतल्या मिरच्या कडेने रांगेत लावलेल्या होत्या. मला आठवतं, तेव्हाही आधी मला त्याचा हेवाच वाटला. माझ्या वडिलांना माझी गोष्ट सांगायची, तीही त्यानेच.

मी पुढे वाचत राहिलो. दुपारपर्यंत पुस्तक संपत आलं. हिरो बंगल्याच्या दाराशी पोचला, त्याने कडी काढली, आणि पान संपलं. पुढे नुसती शिलाई होती.

"पुढे?" अण्णांनी विचारलं.

"पुढे..." मी पुस्तक मिटलं. "हिरोच्या घरी वरच्या मजल्यावरचा एक जण यायचा. अँटेना फिरवायचा. दांडीच्या कपात चहा प्यायचा."

अण्णा सरळ होऊन बसले. "हिरोला आवडायचा का तो?"

"नाही," मी म्हणालो. "अजिबात नाही."

"मग?"

"मग एक दिवस तो ट्रंक घेऊन गेला," मी म्हणालो, आणि मिटलेलं पुस्तक उघडून परत त्या शिलाईकडे पाहिलं. अण्णा मान कलती करून वाट पाहत राहिले.

"सांग की," ते म्हणाले. "सावकाश सांग. आता मला कुठे ड्यूटी आहे?"